खिचडीतला तांदूळ कुठून आला?

परवा ऑफिसमध्ये जेवताना शाळेतल्या खिचडीचा विषय निघाला. आमच्या टीममध्ये सातजण. त्यातले चार मुंबई-पुण्याचे, इंग्लिश मिडियमवाले, त्यांना ही खिचडी फक्त बातम्यांतून माहीत. उरलो आम्ही तिघं. मी बीडचा, एक नांदेडची आणि एक यवतमाळचा. तिघांच्याही आठवणी अगदी सारख्या निघाल्या. दप्तरातली स्टीलची ताटली, बाराच्या सुमारास पटांगणावर येणारा फोडणीचा वास, मुख्याध्यापकांच्या टेबलावरचं चव रजिस्टर आणि त्यात रोज न चुकता लिहिलेलं ‘चव चांगली’. (खिचडी करपली तरी चव चांगलीच!)

तेवढ्यात नांदेडवाली म्हणाली, "पण आपल्याकडे भात खायचं कोण रे?"

आणि मी घास घेता घेता थांबलो. खरंच की. आमचं गाव पाटोदा तालुक्यात. बालाघाटच्या डोंगरावरची हलकी, मुरमाड जमीन. खरिपात बाजरी, जरा बऱ्या रानात रब्बीची ज्वारी, बांधावर तूर. भातशेती मी पहिल्यांदा पाहिली ती इंजिनिअरिंगला असताना, कॉलेजच्या ट्रिपला कोकणात गेलो तेव्हा! मग ज्या गावात तांदळाची एक लोंबी उगवत नाही त्या गावच्या शाळेत पोरं पहिलीपासून आठवीपर्यंत रोज भातच कशी काय खातात? घरी आज्जी रोज विचारायची, "काय खाल्लं रं लेकरा शाळंत?" आणि मी सांगायचो, भात. तिला वाटायचं, शाळेत रोजच सण असतो की काय. तिच्या लहानपणी भात म्हणजे पाहुणे आले किंवा सणवार असला तरच.

हा किडा डोक्यात शिरल्यावर दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. जे हाती लागलं ते लिहून काढतोय.

सुरुवात करायची ती १९७२ पासून. मराठवाड्यात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाशी खाण्याबद्दल बोलायला बसा, पाच मिनिटांत गाडी बाहत्तरच्या दुष्काळावर येते. आमची आज्जी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. खडी फोडायच्या कामावर जायची. दुष्काळी कामांवर तेव्हा किती लोक असावेत? १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास पन्नास लाख. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. त्या कामांवर आणि शाळांमधून लेकरांना सुकडी मिळायची. पीठ, गोड आणि तेल असलेलं कोरडं मिश्रण, ओंजळीत घेऊन खायचं. आणि रेशनला यायची मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आज्जीच्या तोंडी अजून ‘मिलो’ हा शब्द शिवीसारखा येतो. "लाल भाकर व्हायची, गळ्याखाली उतरत नव्हती," म्हणते. पण जगवलं तिनंच, हेही तीच सांगते.

बाहेरून आलेलं धान्य लेकरांच्या ताटात पडणं ही त्याआधीचीच गोष्ट. अमेरिकेनं १९५४ साली पीएल-४८० नावाचा कायदा केला. त्यांच्याकडे धान्य उतू चाललं होतं, ते गरीब देशांना द्यायचं आणि आपले बाजारभाव सांभाळायचे. त्यातलंच धान्य आणि दूध पावडर ‘केअर’सारख्या संस्थांमार्फत आपल्याकडच्या बऱ्याच राज्यांतल्या शाळांत पोचलं. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेतही शाळेतल्या जेवणाचा १९४६ चा कायदा मुलांच्या पोषणाइतकाच शेतमालाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून झाला होता. म्हणजे शाळेत काय शिजणार हे पोरांच्या भुकेवरून जितकं ठरतं तितकंच कोणाच्या गोदामात काय साचलंय त्यावरूनही ठरतं. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला आधी वाटलं होतं की सरकारला ज्वारी-बाजरी गोळा करणं जमतच नसेल. ते साफ चूक निघालं. साठ-सत्तरच्या दशकात महाराष्ट्र सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीची ज्वारी घेत होतं आणि रेशनवर विकतही होतं. आप्पांना (म्हणजे माझ्या वडिलांना) विचारलं तर त्यांनाही लहानपणचं आठवतं, लेव्हीवाले येणार म्हटलं की पोती कुठं लपवायची याची घरात खलबतं चालायची. पद्धत जुलमी होती, लोक चिडायचे, सगळं खरं. पण ज्वारी सरकारी गोदामात जाऊ शकते आणि तिथून परत ताटात येऊ शकते हे सिद्ध झालेलं होतं.

मग बिनसलं कुठे? १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ निघालं, पाठोपाठ हरितक्रांती आली. हमीभाव कागदावर ज्वारी-बाजरीलाही होता, पण प्रत्यक्षात काटा लागायचा तो पंजाब-हरियाणाच्या गव्हाला आणि तांदळाला. गोदामं त्यांनीच भरली. आणि भरलेली गोदामं रिकामी करायला कोणीतरी खाणारं लागतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली. शिजवलेलं अन्न देणारी राज्यं तेव्हा मोजकीच होती. तमिळनाडू त्यात सगळ्यात पुढे. तिथे मद्रास महापालिकेनं १९२० च्या दशकातच हे करून पाहिलं होतं, पुढे कामराज आणि १९८२ साली एमजीआर यांनी ते राज्यभर नेलं. आपल्याकडे मात्र महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ. माझा मोठा भाऊ तेव्हा शाळेत होता. महिन्यातून एक दिवस तो दप्तराऐवजी पिशवी घेऊन जायचा. तो तांदूळ घरात सगळेच खायचे, उघड आहे. कोणी एकट्या पोराला वेगळा भात शिजवून घालत नाही.

यात एक अट होती, हजेरी ८० टक्के हवी. वरून पाहिलं तर एकदम शहाणी अट. पण बीड जिल्ह्यात तिचा अर्थ काय होतो बघा. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. परत येतात ती मार्च-एप्रिलला. घरी सांभाळायला म्हातारं माणूस नसेल तर लेकरंही बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये. पाच-सहा महिने शाळेत नसलेल्या पोराची ८० टक्के हजेरी भरणार कुठून? ज्यांना त्या तीन किलोची सगळ्यात जास्त गरज त्यांचीच नावं गळायची. अट घालणाऱ्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आम्ही रोज कोड लिहितो त्यातही असंच होतं, लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक ठराविक युजर असतो आणि बाकीचे सगळे ‘एज केस’. फक्त इथे एज केस म्हणजे अर्धा जिल्हा होता.

पुढचं वळण २००१ चं. राजस्थानात दुष्काळ, आणि देशभरच्या सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून जास्त धान्य पडून. पीयूसीएल ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टानं आदेश दिला की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाचे किमान २०० दिवस. एप्रिल २००४ च्या आदेशात कोर्टानं आणखी दोन गोष्टी घातल्या. स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य, आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण. मी त्याच साली पहिलीत गेलो. म्हणजे मी जी खिचडी खाल्ली ती कोर्टाच्या हुकमाची होती. एका आदेशानं एवढ्या ताटांत अन्न पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण कोर्टानं ‘शिजवून द्या’ म्हटलं, ‘काय’ शिजवा ते गोदामानं आधीच ठरवून टाकलं होतं. पहिली ते पाचवी रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवी १५० ग्रॅम, केंद्राकडून फुकट. आणि महाराष्ट्रासाठी धान्य म्हणजे तांदूळ. एकदा डिफॉल्ट व्हॅल्यू सेट झाली की ती बदलायला कोणी जात नाही, सिस्टिम चालतेय ना, बास.

आमच्याकडच्या ग्रामीण शाळांत याची व्यवस्था अशी. ठेकेदार महामंडळाचा तांदूळ उचलून शाळेत पोचवतो. डाळी, कडधान्य, तेल, मसाला यांना कागदावर ‘धान्यादी माल’ म्हणतात, तोही निविदेतूनच येतो. शाळेच्या हातात राहतो तो फक्त ‘इंधन व भाजीपाला’ खर्च. आता तुरीचा प्रवास बघा. आमच्या बांधावरची तूर मोंढ्यावर जाते, आडत्याकडून लातूरच्या नाहीतर सोलापूरच्या डाळमिलमध्ये, तिथून व्यापारी, व्यापाऱ्याकडून ठेकेदार आणि ठेकेदाराच्या टेम्पोतून पुन्हा आमच्याच तालुक्यातल्या शाळेत. दोनशे किलोमीटरची वारी करून डाळ घरी! आणि शेवटी शाळेजवळच्या वावरातून गावचं म्हणून काय येतं, तर चार मेथीच्या जुड्या आणि कोथिंबीर.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तर मोठा विनोद आहे. रेशनचे दर त्यात ठरवले होते. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया. म्हणजे कायद्यात सगळ्यात स्वस्त ज्वारी-बाजरी, आणि आमच्या दुकानात तीच कधी दिसली नाही. त्याचं एक तांत्रिक कारण आहे आणि ते खरं आहे. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळली की पीठ थोड्याच दिवसांत कडू पडतं. (आज्जी एका वेळी आठवड्यापुरतंच दळून आणायची, ते उगाच नाही.) वर्षभर गोदामात साठवून हजार किलोमीटर फिरवायच्या साखळीत असलं धान्य बसत नाही. २०२१ मध्ये केंद्रानं सरकारी खरेदीच्या ज्वारीची वाटपाची मुदत ९ महिने आणि नाचणीची १० महिने केली, त्याआधी ती याहून कमी होती. पण हाच मुद्दा उलटा करून बघा ना. जे लांब जात नाही ते जवळच खायचं असतं. गावात गिरणी आहे, आठवड्याचं आठवड्याला दळा. जी अडचण अन्न महामंडळाची आहे ती शाळेची नाहीच.

इथवर आल्यावर मला वाटलं सापडलं उत्तर, खिचडीच्या जागी भाकरी द्या! मग नेहमीच्या सवयीनं एक्सेल उघडलं.

१२० मुलांची प्राथमिक शाळा धरली. माणशी दीड भाकरी, म्हणजे १८० भाकरी. सराईत बाईला एका भाकरीला थापून भाजून अडीच मिनिटं धरा. साडेसात तास! २००९ पासूनच्या निकषानं १२० मुलांना तीन स्वयंपाकी-मदतनीस मिळतात. तिघींनी तीन चुलींवर एकाच वेळी सुरुवात केली तरी अडीच तास नुसत्या भाकऱ्या, वरण-भाजी वेगळी. केंद्रानं त्याच वर्षी त्यांचं मानधन महिना १००० रुपये ठरवलं आणि आपला वाटा तिथेच गोठवून ठेवला, राज्यानं वाढवत २५०० वर नेलं. अडीच हजारात रोज १८० भाकऱ्या थापा, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? तांदूळ जिंकला त्यात गोदामाइतकाच त्या एका मोठ्या पातेल्याचा हात आहे. डाळ-तांदूळ धुतले, फोडणीत टाकले, तासाभरात शाळा जेवली.

हे आज्जीला सांगितलं तर ती हसली. "भाकरीच कशाला पायजे? कण्या घालाव्या की." ज्वारी भरडून केलेल्या कण्या, वर ताक. नाहीतर बाजरीची खिचडी. बाजरी ओलवून, सडून, भरडून, मुगाच्या डाळीसोबत शिजवलेली, हिवाळ्यात घरोघरी व्हायची. म्हणजे एका पातेल्याचं उत्तर तिच्या स्वयंपाकघरात आधीपासून होतं, मी एक्सेलमध्ये शोधत बसलो होतो. भरडायचं काम गिरणीत होतं. फक्त बाजरी रात्रभर भिजवावी लागते आणि शिजायला जळण जास्त लागतं.

मग पैशाचा हिशोब. १२० मुलं, रोज १२ किलो धान्य, वर्षाला २२० दिवस, झाले २६४० किलो. साधारण साडेसव्वीस क्विंटल. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये, म्हणजे वर्षाला ९९ हजार. आता मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे रोजचा साहित्य खर्च ६ रुपये ७८ पैसे आहे. १२० मुलांचे वर्षाचे होतात १ लाख ७९ हजार, आणि डाळ, भाजी, तेल, जळण सगळं त्यातच. शाळेनं स्वतः ज्वारी घ्यायची ठरवली तर निम्म्याहून जास्त पैसे तिथेच संपले. तांदूळ फुकट येतो, ज्वारी विकत घ्यावी लागते. चव, पोषण, परंपरा वगैरे सगळ्या गप्पा या एका ओळीपाशी येऊन अडतात. २०२१ मध्ये योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ झालं, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गटांकडून माल घ्या, परसबागा करा असं त्यात लिहिलं गेलं. चांगलंच आहे. पण त्यासाठी धान्याचे पैसे वेगळे ठेवले नाहीत.

बाकीच्यांनी हा प्रश्न सोडवला तो वरच्या पातळीवर. शेजारच्या कर्नाटकानं हमीभावानं नाचणी आणि ज्वारी खरेदी करून दक्षिणेत नाचणी, उत्तरेत ज्वारी अशी रेशनवर दिली. ओडिशानं २०१७ मध्ये मिलेट मिशन काढलं आणि पुढे केओंझर जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू आले. ब्राझीलनं तर २००९ च्या कायद्यातच लिहिलं की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के वाटा छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च झाला पाहिजे. आपल्याकडे संशोधनाची कमी आहे असंही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी लोह आणि जस्त जास्त असलेली म्हणून २०१८ मध्ये आली. राहुरी विद्यापीठाची ‘धनशक्ती’ बाजरी तशीच, लोहाची. आमच्या शाळेपासून परभणी दीड-दोनशे किलोमीटर, आणि तांदूळ येतो कुठल्या कुठून.

महाराष्ट्रानं जून २०२४ मध्ये नवा मेनू आणला. भात, मोड आलेली कडधान्यं, आणि गोड म्हणून तांदळाची खीर किंवा नाचणी सत्व. त्याआधी नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं की अंडी आणि साखरेसाठी वेगळा निधी नाही, द्यायचं असेल तर लोकसहभागातून उभं करा. ही बातमी मी दोनदा वाचली. ज्या जिल्ह्यातले मजूर अर्ध्या महाराष्ट्राचा ऊस तोडतात त्या जिल्ह्यातल्या शाळेनं खिरीची साखर वर्गणी काढून आणायची.

आता ज्यांचे आईबाप तोडीला जातात त्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालतात. तिथे दुपारच्या खिचडीशिवाय सकाळ-संध्याकाळचं जेवणही असतं आणि त्याची सोय शाळेच्या पातळीवर होते. माझ्या मते सुरुवात इथून करावी. हे दिवस नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आधी नवी बाजरी घरात आलेली असते आणि शेवटी शेवटी ज्वारीची काढणी. शाळेतही रोज नको, आठवड्याच्या सहा दिवसांतले दोन. हिशोब केला, १२० मुलांना वर्षाला ८८० किलो लागेल. ३३ हजार रुपये. कोरडवाहू एकरी चार क्विंटल धरली तर सव्वादोन एकरांचं काम!

दिवाळीत गावी गेल्यावर हा सगळा कागद आप्पांपुढे ठेवला. आमचा चुलतभाऊ शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, तोही बसला होता. त्यानं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "सव्वादोन एकर म्हणतोस, पण गावात ज्वारी लावतंय कोण आता?"

आमच्या स्वतःच्या रानात तेव्हा कापूस उभा होता, सोयाबीन नुकतं निघालेलं. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही. कोणी पेरलीच तर जनावरांच्या कडब्यासाठी.

आप्पा म्हणाले, "वरच्या तुकड्यात पेरू दोन एकर. कडबा आपल्याला होईल, दाणे शाळंला देऊ. पण पैसे देणार कोण, अन् कव्हा?"

चुलतभाऊ म्हणाला, मुख्याध्यापकांना विचारतो. पेरणीची वेळ टळत आली होती. आप्पांनी मालदांडीची पिशवी आणली, पण पेरली एकच एकर.